नाणं कोणी पाडायचं, नोट कोणी काढायची

१६७४ च्या जूनमध्ये इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, हेन्री ऑक्झेंडन रायगडावर मुक्कामाला होता. निमित्त शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं, पण त्याचं खरं काम तहाचं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मागण्यांमध्ये एक मागणी अशी होती की कंपनीचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. त्यावर महाराजांकडून मिळालेलं उत्तर इंग्रजांच्या कागदपत्रांत नोंदलेलं आहे. त्याचा मथितार्थ असा: कुठल्याही नाण्याला आमची बंदी नाही, पण ज्यात रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्तीही आम्ही रयतेवर करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं कसदार आणि वजनाला पुरेपूर असेल, तर ते चालेल.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या उत्तरात पैशाच्या कायद्यातला कळीचा प्रश्न आला आहे. पैशाबाबत राज्यसत्तेकडे दोन वेगवेगळे अधिकार असतात. एक, नाणं किंवा नोट काढण्याचा. दुसरा, ती लोकांना घ्यायला लावण्याचा. नाणं सोन्याचांदीचं असतं तेव्हा दुसऱ्या अधिकाराची फारशी गरज पडत नाही, कारण सराफ कसोटीवर घासून आणि तराजूत टाकून त्याचं मोल सांगू शकतो. नाण्यातला धातू जितका हलका होत जातो, तितका हा दुसरा अधिकार जड होत जातो. आज आपल्या खिशात जी नोट आहे ती जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या अधिकारावर उभी आहे. म्हणून हा अधिकार कोणाकडे आहे, कुठल्या कायद्याने आहे आणि त्याला लगाम कुठे आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला वाटतं.

राज्यघटना काय म्हणते

घटनेच्या अनुच्छेद २४६ नुसार कायदे करण्याचे विषय केंद्र आणि राज्यं यांच्यात वाटून दिलेले आहेत आणि त्यांच्या याद्या सातव्या अनुसूचीत आहेत. त्यातल्या संघसूचीत, म्हणजे फक्त संसदेच्या अखत्यारीतल्या यादीत, ३६ व्या क्रमांकावर चलन, नाणी, कायदेशीर चलन (देणं फेडताना नाकारता येत नाही असा पैसा) आणि परकीय चलन हे विषय एका ओळीत उरकले आहेत. ३८ वी नोंद रिझर्व्ह बँकेची आहे. राज्यसूचीत पैसा काढण्याबद्दल अवाक्षरही नाही. महाराष्ट्र सरकार कर बसवू शकतं, कर्जरोखे काढू शकतं, पण एक रुपयाचं नाणं पाडू शकत नाही.

त्या ओळीत काय नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. त्यात सोनं नाही, चांदी नाही. नोटा किती काढायच्या याची मर्यादा नाही. नोटेमागे काही ठेवलंच पाहिजे अशी अट नाही. ही मांडणी घटना समितीने नव्याने केलेली नव्हती. ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या संघसूचीतही चलन, नाणी आणि कायदेशीर चलन ही नोंद अशीच होती.

अमेरिकेची घटना इथे वेगळ्या वाटेने गेली. तिच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात राज्यांना स्पष्ट मनाई आहे: नाणी पाडायची नाहीत, कागदी चलन काढायचं नाही आणि कर्ज फेडण्यासाठी सोन्याचांदीच्या नाण्यांखेरीज दुसरं काहीही कायदेशीर ठरवायचं नाही. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात बेसुमार छापलेल्या कागदी पैशाने तिथले लोक पोळले होते, त्याची ही आठवण. पण मनाई राज्यांना आहे, केंद्राबद्दल त्या कलमात काही लिहिलेलं नाही. यादवी युद्धात १८६२ साली केंद्र सरकारने ग्रीनबॅक नावाच्या कागदी नोटा काढून त्या कायदेशीर चलन ठरवल्या, तेव्हा वाद न्यायालयात गेला. त्या नोटा निघाल्या तेव्हा अर्थखात्याचे मंत्री सामन चेस होते. पुढे तेच सरन्यायाधीश झाले आणि १८७० मध्ये त्यांच्याच न्यायालयाने ठरवलं की जुन्या कर्जांसाठी या नोटा सक्तीने घ्यायला लावणं घटनाबाह्य आहे. वर्षभरात दोन नवे न्यायाधीश आले आणि १८७१ मध्ये तो निकाल फिरला. सोन्याचांदीचा शब्द घटनेत लिहूनही केंद्राच्या हातातला कागद सुटा राहिला तो राहिलाच.

एकाच हातात का दिलं?

याचं उत्तर मराठी मुलखाच्या इतिहासातच सापडतं. महाराजांनी पाडलेल्या होनावर आणि शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं होती. सार्वभौमत्वाची ती उघड खूण होती. पुढे पेशवाईत चित्र बदललं. टांकसाळी ठिकठिकाणी निघाल्या, बऱ्याचशा सोनारांना आणि सावकारांना परवान्यावर दिलेल्या. बहुतेक रुपयांवर नाव दिल्लीच्या मोगल बादशहाचं, नाणं पाडणारा कोणी स्थानिक माणूस आणि सत्ता पुण्याची. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशी रुपयांची कितीतरी नावं तेव्हाच्या हिशेबात दिसतात. प्रत्येकाचा कस वेगळा, वजन वेगळं. एका रुपयाचे दुसरे रुपये करून घ्यायचे तर सराफ बट्टा कापून घेई. सारा भरताना सरकार ठरावीक नाणं मागे, शेतकऱ्याच्या हातात दुसरंच असे आणि मधला फरक त्याच्या अंगावर पडे. खोटी किंवा हिणकस नाणी पाडणाऱ्यांवर पेशव्यांनी कारवाया केल्या, काही टांकसाळी बंदही केल्या. पण परवाने इतके वाटलेले होते की लगाम हातात राहिला नाही.

या गोंधळाला इंग्रजांनी १८३५ च्या नाणे कायद्याने पूर्णविराम दिला. सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. नोटांचं तसंच झालं. बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या तीन बँका आपापल्या नोटा काढत असत. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने तो हक्क त्यांच्याकडून काढून सरकारकडे घेतला गेला.

तरी सगळा देश एका रुपयाखाली आला नव्हता. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा. त्याच्या नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही रक्कम लिहिलेली असे. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा ‘कलदार’, म्हणजे इंग्रज सरकारचे, रुपये. नांदेडचा व्यापारी सोलापूरला माल पाठवायचा तर दोन चलनांचा हिशेब ठेवायचा. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५० मध्ये घटना लागू झाली, तरी हाली चलन एका दिवसात गेलं नाही. काही वर्षं दोन्ही चलनं शेजारी शेजारी नांदली आणि १९५९ मध्ये हाली पूर्ण बाद झालं. ३६ वी नोंद पहिल्या दिवसापासून कागदावर होती, ती जमिनीवर उतरायला दशक लागलं.

गोव्यात तर चलन थेट लिस्बनच्या हुकमतीखाली होतं. नोटा बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या. आधी रुपिया, मग पन्नासच्या दशकाच्या शेवटी एका रुपियाला सहा या दराने एस्कुदो आला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर भारतीय रुपया तिथलं चलन झाला.

चांदी कधी गेली?

पुष्कळांचा असा समज असतो की स्वातंत्र्यानंतर कुठल्यातरी सरकारने नोटेमागचं सोनं किंवा नाण्यातली चांदी काढून घेतली. प्रत्यक्षात खरा निर्णय १८९३ सालचा आहे आणि तो समजला की पुढचं बरंचसं उलगडतं.

१८३५ च्या व्यवस्थेत सरकारी टांकसाळ सगळ्यांना खुली होती. कोणीही चांदी घेऊन जायचं, थोडी घडणावळ द्यायची आणि तितके रुपये पाडून घ्यायचे. म्हणजे बाजारात रुपये किती असावेत हे सरकार ठरवत नव्हतं. लोकांनी आणलेली चांदी ते ठरवत होती. रुपया मोडून वितळवला तरी त्याच्याच मोलाची चांदी हातात येई. छापील शिक्का हा फक्त वजनाचा आणि कसाचा दाखला होता.

१८७० नंतर चांदी घसरायला लागली. जर्मनीने चांदी सोडून सोनं धरलं, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या, चांदी सगळीकडे विकायला निघाली. रुपया चांदीचा असल्याने तोही घसरला. हिंदुस्थान सरकारला लंडनला दरवर्षी पेन्शन, व्याज, लष्करी खर्च असं देणं पाठवावं लागे आणि ते देणं सोन्याच्या पौंडात होतं. रुपया पडला की तेच देणं भागवायला इथल्या रयतेकडून जास्त रुपये गोळा करावे लागत. या प्रश्नावर नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीवरून सरकारने जून १८९३ मध्ये टांकसाळी जनतेला बंद केल्या. यापुढे रुपये पाडायचे ते फक्त सरकारने.

नाणं तेच राहिलं, वजन तेच, चांदीही तेवढीच. पण त्या दिवसापासून रुपयातल्या चांदीचा भाव आणि रुपयाची किंमत यांचा संबंध तुटला. पुढे सरकारने रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर टेकवला. आत चांदी त्याहून कमी किमतीची होती. रुपया हे आता चांदीवर छापलेलं सरकारी वचन झालं होतं. माझ्या मते भारतात कागदी पैशाची खरी सुरुवात इथे आहे, नोट छापली गेली तिथे नव्हे.

पहिल्या महायुद्धात उलटंच संकट आलं. चांदी इतकी महागली की रुपयातली चांदी रुपयापेक्षा मोलाची झाली. नाणी वितळवली जाऊ लागली, लोक दडवू लागले. त्या तुटवड्यात ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची पहिली नोट निघाली आणि १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची. दुसऱ्या महायुद्धात तोच प्रसंग पुन्हा आला. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली: पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. त्याच वर्षी एक रुपयाची नोटही परत आली. १९४७ मध्ये रुपया शुद्ध निकेलचा झाला. घटना समिती ३६ व्या नोंदीवर आली तेव्हा नव्याने पाडल्या जाणाऱ्या रुपयात चांदी शिल्लकच नव्हती.

आंबेडकरांची हरकत

या सगळ्या घडामोडींवर सर्वांत खोल टीका एका मराठी माणसाने केली होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांची आठवण घटनेसाठी सगळेच काढतात, पण ते आधी चलनाचे अभ्यासक होते, हे फार कमी वेळा बोललं जातं.

१८९३ नंतर सावकाश जी पद्धत उभी राहिली तिला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणत. देशात चांदीचे रुपये आणि नोटा चालवायच्या, सोन्याची नाणी लोकांच्या हातात फिरवायची नाहीत, पण परदेशी देणं भागवण्यापुरतं सोनं किंवा पौंड लंडनमध्ये साठवून रुपयाचा दर टिकवायचा. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये या पद्धतीची वाखाणणी केली होती. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: या पद्धतीत रुपये किती काढायचे हे चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. परदेशी दर स्थिर दिसला म्हणजे पैसा सुरक्षित आहे असं होत नाही. सामान्य माणसाला रुपयाने बाजारात किती वस्तू येतात हे महत्त्वाचं. चलन वाढत गेलं की भाव वाढतात आणि त्याची झळ ठरावीक मजुरीवर जगणाऱ्याला पहिली लागते. त्यामुळे सरकारने नवे रुपये पाडणं कायद्याने थांबवावं, सोन्याच्या नाण्याला मोकळी वाट द्यावी आणि रुपयांच्या संख्येला अशी मर्यादा घालावी जी अधिकाऱ्यांच्या इच्छेने हलणार नाही. १९२५ मध्ये भारतीय चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांचा सूर हाच होता. याच आयोगाच्या शिफारशींमधून पुढे १९३४ चा रिझर्व्ह बँक कायदा आणि १९३५ मध्ये ती बँक आली.

सोन्याच्या नाण्याचा त्यांचा उपाय आज लागू पडणार नाही. त्यांनी बोट ठेवलेलं दुखणं मात्र तसंच आहे. चलन काढणाऱ्याला थांबवणारं काय आहे? त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीकडून आलेल्या घटनेने ही मर्यादा ३६ व्या नोंदीत लिहिली नाही, ती संसदेवर सोपवली. म्हणून उत्तर शोधायला साध्या कायद्यांकडे जावं लागतं.

आजची वाटणी: नाणी सरकारची, नोटा बँकेच्या

संसदेने हा अधिकार दोघांत वाटला आहे. नाणी भारत सरकार पाडतं, २०११ च्या नाणे कायद्याखाली. नोटा रिझर्व्ह बँक काढते, १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २२ खाली आणि हा हक्क एकट्या तिचाच आहे. कलम ३१ तर असं सांगतं की धारकाला मागताक्षणी पैसे देण्याची चिठ्ठी बँकेशिवाय किंवा केंद्र सरकारशिवाय कोणी काढायचीच नाही. पतपेढीने किंवा सावकाराने नोटेसारखी चिठ्ठी फिरवायची सोय राहिलेली नाही.

एक रुपयाची नोट आणि दहा रुपयांची नोट शेजारी ठेवून पाहा. दहाच्या नोटेवर भारतीय रिझर्व्ह बँक हे नाव, गव्हर्नरची सही आणि धारकाला दहा रुपये अदा करण्याचं वचन आहे. एक रुपयाच्या नोटेवर भारत सरकार असं लिहिलेलं आहे, सही वित्त सचिवाची आणि वचन मुळीच नाही. कारण ती कायद्याच्या लेखी नोट नव्हे, नाणं आहे. १९४० पासून तिला रुपयाच्या नाण्याचा दर्जा आहे आणि २०११ च्या कायद्याच्या व्याख्येतही नाण्यात तिचा समावेश केलेला आहे. त्याच व्याख्येप्रमाणे नाणं धातूचंच हवं असंही नाही, सरकारने ठरवलेला दुसरा कुठलाही पदार्थ चालतो. दहाची नोट वचन देते ते मुळात या रुपयांचं, जे सरकार पाडतं.

मग वचनाला अर्थ काय? नोट घेऊन रिझर्व्ह बँकेत गेलात तर त्या रकमेच्या दुसऱ्या नोटा किंवा नाणी मिळतील. सोनं मिळणार नाही. कलम ३३ प्रमाणे प्रत्येक नोटेच्या रकमेइतकी मालमत्ता बँकेच्या चलन विभागात असावी लागते. ती सोनं, परकीय रोखे, रुपयाची नाणी किंवा भारत सरकारचे रोखे अशी कुठल्याही रूपात चालते. त्यातलं सोनं आणि परकीय रोखे मिळून किमान २०० कोटी रुपयांचे हवेत, त्यातलं सोनं किमान ११५ कोटींचं. सुरुवातीला नियम कडक होता, नोटांच्या चाळीस टक्के सोनं आणि पौंडातले रोखे ठेवावे लागत. पंचवार्षिक योजनांना पैसा लागला तसा १९५६ आणि १९५७ मध्ये तो बदलून हा ठोक आकडा आला. आज चलनातल्या नोटा तीस लाख कोटी रुपयांच्या वर आहेत. त्यापुढे २०० कोटी हा आकडा लगाम म्हणून नावापुरताच आहे. रिझर्व्ह बँकेकडे प्रत्यक्षात सोनं भरपूर आहे, आठशे टनांहून जास्त. पण ते बँकेचं धोरण आहे, कायद्याची सक्ती नव्हे.

छपाई आणि नाणी पाडणं हा आणखी वेगळा मामला. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नाशिक आणि देवासचे छापखाने केंद्र सरकारच्या कंपनीचे आहेत, म्हैसूर आणि सालबोनीचे रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचे. नाण्यांसाठी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी. नाण्यावर सालाच्या खाली बारीक नजरेने पाहिलंत तर मुंबईच्या टांकसाळीची खूण म्हणून छोटा चौकोनी हिरा दिसेल. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नसते.

‘घ्यायलाच हवं’ म्हणजे किती?

कायदेशीर चलन याचा अर्थ असा की तुम्ही देणं फेडायला ते पुढे केलंत आणि समोरच्याने नाकारलं, तर तुम्ही पैसे दिले नाहीत असं तो नंतर म्हणू शकत नाही. नोटेला रकमेची मर्यादा नाही. नाण्यांना आहे. एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन आहेत, पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत. त्याहून जास्त नाणी घ्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या मनावर. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर बाद झाली. दहा रुपयांचं नाणं मात्र पूर्ण वैध आहे. वेगवेगळ्या चौदा नक्ष्यांची दहाची नाणी चालतात, हे २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीरपणे सांगावं लागलं. तरी गावोगावच्या दुकानांत ती नाकारली जातात आणि त्याचा त्रास रोजंदारीवरच्या माणसाला होतो. त्याची त्या दिवसाची कमाई त्याच नाण्यांत असते.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे नव्या संसद भवनाच्या निमित्ताने २०२३ मध्ये काढलेलं ७५ रुपयांचं नाणं. वजन सुमारे ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी, म्हणजे १९४० च्या रुपयाचाच मिश्रधातू. कायद्याने त्याची किंमत ७५ रुपये, आतल्या चांदीची कितीतरी जास्त, म्हणून ते कोणी खर्च करत नाही. सराफाकडून घेतलेलं लक्ष्मीचं चांदीचं नाणं किंवा अशोकचक्राचा छाप असलेलं ‘इंडियन गोल्ड कॉइन’ यांच्यावर तर रुपयांची किंमतच नसते. ते चलन नव्हे, माल आहे.

बाद करण्याचा अधिकार

चलन काढण्याच्या अधिकारातच ते बाद करण्याचा अधिकार येतो. १९४६ मध्ये अध्यादेशाने ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा बाद झाल्या. जानेवारी १९७८ मध्ये आधी अध्यादेश आणि मग संसदेच्या कायद्याने १,०००, ५,००० आणि १०,००० च्या. त्या कायद्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९६ मध्ये फेटाळलं.

२०१६ ची वाट वेगळी होती. ८ नोव्हेंबरला ५०० आणि १,००० च्या नोटा बाद झाल्या त्या अध्यादेशाने नव्हे, रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६(२) खाली काढलेल्या अधिसूचनेने. या पोटकलमात म्हटलं आहे की बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार कुठल्याही किमतीच्या नोटांची कुठलीही मालिका कायदेशीर चलन नसल्याचं जाहीर करू शकतं. प्रश्न दोन होते. ‘कुठलीही मालिका’ यात त्या किमतीच्या सगळ्याच मालिका येतात का? आणि पुढाकार सरकारचा असेल तर हे पोटकलम लागू होतं का? अर्थ मंत्रालयाने ७ नोव्हेंबरला बँकेला पत्र पाठवलं, बँकेच्या मंडळाची शिफारस दुसऱ्या दिवशी आली आणि त्याच रात्री घोषणा झाली.

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २ जानेवारी २०२३ ला चार विरुद्ध एक मतांनी निकाल लागला. बहुमताचा निकाल मूळचे अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिला. ‘कुठलीही’ यात ‘सगळ्या’ येतात आणि सरकार व बँक यांच्यात आधी सहा महिने सल्लामसलत चालू होती, म्हणून प्रक्रिया योग्य ठरली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळं मत दिलं. सरकारला अशी कारवाई करता येते, कारण ३६ वी नोंद आहे. पण पुढाकार सरकारचा असेल तर ती संसदेच्या कायद्याने किंवा अध्यादेशाने व्हायला हवी, अधिसूचनेने नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

निकाल बंधनकारक आहे, तरी मला नागरत्नांचा तर्क जास्त पटतो. घटनेने मर्यादा लिहिलेली नाही, कायद्यातला २०० कोटींचा आकडा पोकळ झाला आहे, धातू कधीच गेला. मग शिल्लक राहतो तो एकच लगाम: संसदेत मांडणं, चर्चा करणं, मतदान घेणं. देशातलं ८६ टक्के मूल्याचं चलन बाद करायचं असेल तर तो लगाम वापरलाच पाहिजे. गुप्तता हवी म्हणून अध्यादेश काढता येतो, १९७८ मध्ये तसंच झालं होतं. अध्यादेशही पुढे संसदेपुढे ठेवावाच लागतो.

यासंदर्भात दोन हजारच्या नोटेबद्दलचा घोटाळाही दूर करायला हवा. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती चलनातून परत घेतली, बाद केली नाही. तिचा कायदेशीर दर्जा काढलेला नाही. परत घेणं बँकेच्या हातात आहे, बाद करणं नाही.

आता डिजिटल रुपया

२०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक कायद्यातली नोटेची व्याख्या वाढवली आणि डिजिटल रूपातला पैसाही नोट ठरला. त्या वर्षीच्या डिसेंबरात सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू झाला. बिटकॉइनसारख्या चलनांची गोष्ट वेगळी. त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्यांना बँकिंग सेवा देऊ नका असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं, पण त्यामुळे ती कायदेशीर चलन झाली नाहीत.

डिजिटल रुपयात एक नवी शक्यता आहे. पैसा कशासाठी, कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत खर्च करता येईल हे त्यात आधीच बांधून टाकता येतं आणि अशा वापराच्या चाचण्या रिझर्व्ह बँक करते आहे. खतासाठी दिलेलं अनुदान खताच्याच दुकानात खर्च व्हावं, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण कलम २६ मध्ये नोट भारतात कुठल्याही ठिकाणी देणं फेडायला चालेल असं लिहिलेलं आहे. अटी घातलेला रुपया त्या अर्थाने नोट राहतो की सरकारी कुपन होतो? अटी घालायचा अधिकार बँकेचा की सरकारचा आणि मुदत संपलेल्या रुपयाचं काय, हे आज कलमात कुठेच लिहिलेलं नाही. प्रयोग मोठा होण्याआधी संसदेने ते लिहायला हवं.